जुने मराठी चित्रपट आणि त्यांतले ज्येष्ठ नट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, नौपाड्यातील आमच्या गृहसंकुलाच्या सभागृहात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी एक जुना मराठी चित्रपट आम्ही एकत्र बसून पाहतो. आरंभी पंधरा-वीस खुर्च्या पुरत असत. आता शेजारच्या इमारतींतून, क्वचित वाशी-नेरूळहूनही रसिक येतात. चित्रपट संपल्यावर चहा घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

जुना चित्रपट कोणता मानायचा?

आम्ही आमच्यापुरती मर्यादा अशी ठरवली आहे की १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटापासून साधारण १९९० पर्यंतचा काळ घ्यावा. मूकपट पाहण्याची शिस्त निराळी असल्यामुळे ते आम्ही यात धरत नाही. नट हा शब्द आम्ही स्त्री-पुरुष दोघांसाठी वापरतो.

कथा आधीच ठाऊक असते. मग तोच चित्रपट पुन्हा का पाहावा?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि आमच्या सगळ्या उपक्रमाचे कारणही त्याच्याच उत्तरात आहे. पहिल्यांदा पाहताना आपण कथेच्या मागे धावत असतो. पुढे काय होणार, ही उत्सुकता डोळ्यांना एका जागी ठरू देत नाही. दुसऱ्यांदा, आणि त्यातही वीस-पंचवीस वर्षांनी पाहताना, कथा बाजूला होते आणि नट दिसू लागतो. तो बोलताना काय करतो यापेक्षा समोरचा बोलत असताना काय करतो, हात कुठे ठेवतो, वाक्य कुठे तोडतो, हे दिसू लागते.

‘सामना’चे उदाहरण घ्यावे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला १९७४ चा हा चित्रपट पुढे बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. गावात फिरत आलेला एक दारुडा मास्तर आणि त्याला वाड्यावर आसरा देणारा सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील, असा हा सामना आहे. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा मास्तरचा प्रश्न आता अनेकांना तोंडपाठ असतो आणि त्याचे उत्तरही ठाऊक असते. म्हणूनच पुन्हा पाहताना आपली नजर प्रश्न विचारणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंवरून तो ऐकणाऱ्या निळू फुलेंकडे वळते. प्रत्येक वेळी तोच प्रश्न ऐकताना हिंदुरावाचा आत्मविश्वास किती कमी झाला आहे, याचे मोजमाप त्यांच्या चेहऱ्यावर होत राहते. मी हा चित्रपट महाविद्यालयात असताना पाहिला तेव्हा मला केवळ लागू लक्षात राहिले होते. पन्नाशीनंतर पाहिला तेव्हा निळूभाऊंवरून नजर हटेना. चित्रपट तोच असतो, पाहणारा मात्र मधल्या काळात पुष्कळ माणसांना भेटून आलेला असतो.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. ज्यांना कृष्णधवल चित्रपटांची सवय नाही, त्यांनी ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) पाहावा, असे मी सुचवतो. राजा परांजपे यांचे दिग्दर्शन आणि त्यांचीच मुख्य भूमिका, आंधळ्या मुलीच्या भूमिकेत सीमा, गदिमांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत, असा हा योग आहे. ‘एक धागा सुखाचा’ हे गाणे आपण आकाशवाणीवर शेकडो वेळा ऐकलेले असते, पण ते कोणाच्या तोंडी आहे आणि त्या माणसावर तेव्हा काय वेळ आलेली आहे, हे चित्रपट पाहिल्यावाचून कळत नाही. ज्यांना रहस्यकथा आवडते त्यांनी ‘पाठलाग’ (१९६४) घ्यावा. हिंदीतला ‘मेरा साया’ (१९६६) त्यावरूनच झाला. राजकारणात रस असेल तर ‘सिंहासन’ (१९७९) आहेच.

एका नटाचे दोन चित्रपट लागोपाठ पाहणे हा मात्र सर्वांत चांगला आरंभ, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. डॉ. लागूंचे ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘सामना’ एकामागून एक पाहावेत. दोन्हींत ते मास्तर आहेत, दोन्ही मास्तर आपल्या जागेवरून घसरलेले आहेत, आणि दोन्हींत निळू फुलेही आहेत. ‘पिंजरा’तला मास्तर आदर्शाच्या शिखरावरून आपल्या डोळ्यांसमोर खाली येतो, तर ‘सामना’तला मास्तर आधीच कोसळलेला आहे आणि तेथून तो उभा राहू पाहतो. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेला हा माणूस वैद्यकी सोडून रंगभूमीकडे का वळला, याचे उत्तर हे दोन चित्रपट पाहिल्यावर वेगळे शोधावे लागत नाही.

जुने नट अभिनय फार मोठा करतात, असे वाटते. तसे आहे का?

काही अंशी तसे आहे, आणि त्याला कारण आहे. बोलपट आला तेव्हा त्यात काम करायला आलेली बहुतेक मंडळी संगीत नाटकांतून आली होती. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत शब्द आणि भाव पोहोचवणे, हे त्यांचे शिक्षण होते. कॅमेरा हातभर अंतरावर आल्यावर ती सवय एका दिवसात सुटणारी नव्हती. शिवाय पार्श्वगायन रूढ होण्यापूर्वी नटाला स्वतः गावे लागे, त्यामुळे पुष्कळदा चेहऱ्यावरचा ताण हा भूमिकेचा नसून गायनाचा असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु सगळ्यांना एका मापाने मोजणे हा अन्याय ठरेल. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) दोन अगदी भिन्न रीतींचा अभिनय शेजारी शेजारी उभा आहे. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले नट होते आणि त्यांच्या तुकारामात ती मृदुता उतरली आहे. ते चालतातही जणू अभंगाच्या लयीत. त्यांच्यासमोर आवलीच्या भूमिकेत गौरी आहेत. त्यांच्यापाशी नाटकी शिक्षणाचा लवलेश दिसत नाही. आजारी मुलाला ओढत देवळात नेऊन पांडुरंगालाच जाब विचारणारी ती बाई पाहताना आपण अभिनय पाहतो आहोत, हे विसरायला होते. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दिग्दर्शकांनी दोघांना एकाच साच्यात बसवण्याचा प्रयत्न केला नाही, यात त्यांची थोरवी आहे. या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. ‘आधी बीज एकले’ हा मात्र तुकोबांचा अभंग नसून शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी केलेली रचना आहे, हे सांगितल्यावर आजही सभागृहात कोणीतरी चकित होतेच.

केशवराव दाते यांचा ‘कुंकू’मधला (१९३७) म्हातारा नवरा हे दुसरे उदाहरण आहे. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, पावलांचा आवाज एवढेच ऐकू येते. संगीताचा आधार काढून घेतल्यावर नटाला लपायला जागा उरत नाही. तरुण मुलीशी लग्न करून बसलेल्या त्या विधुराबद्दल आपल्याला आधी चीड येते आणि हळूहळू, मनाविरुद्ध, कीवही येऊ लागते. शांता आपटे यांच्या ताठ मानेसमोर दात्यांनी तो माणूस लहान लहान होत जाताना दाखवला आहे. हे मोठ्या आवाजाचे काम नव्हे.

हे चित्रपट फार संथ वाटतात. काय करावे?

भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पहिली वीस मिनिटे धीर धरावा. एवढे केल्यावरही कंटाळा येत असेल तर तो चित्रपट खरोखरच कंटाळवाणा असू शकतो. जुने ते सगळेच चांगले असते, असे आम्ही मानत नाही.

काही नट आयुष्यभर एकाच साच्यात अडकले. त्यांच्याकडे पुन्हा काय पाहायचे?

ज्यांच्यावर शिक्का बसला, त्यांच्याकडेच खरे तर पुन्हा पाहायला हवे. निळू फुले म्हणजे धोतर, टोपी आणि खर्जातला आवाज लावणारा पाटील, अशी नक्कल आज शाळेतली मुलेही करतात. ‘एक गाव बारा भानगडी’पासून (१९६८) पडद्यावर आलेला हा नट प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेला अतिशय सौम्य माणूस होता. ‘सिंहासन’मध्ये त्यांच्याकडे पाटीलकी नाही. तेथे ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत, खांद्यावर पिशवी अडकवून मंत्रालयाच्या आवारात वावरणारे, सगळे पाहणारे आणि फार थोडे बोलणारे. सत्तेचा तो सारा खेळ या एका माणसाच्या डोळ्यांतून आपण पाहतो आणि शेवटी त्याच्या मनाचा तोल सुटतो, तेव्हा आपल्याही पायाखालची जमीन हलते. त्याच चित्रपटात मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक आहेत. ‘मुंबईचा जावई’मध्ये (१९७०) ‘प्रथम तुज पाहता’ म्हणणारा हसरा नायक आणि हा थंड डोक्याचा मुत्सद्दी एकच नट आहे, हे नव्या प्रेक्षकाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

सुलोचनाबाईंचे तसेच. आई म्हणजे सुलोचना, हे समीकरण मराठीत आणि हिंदीत इतके पक्के झाले की त्यामागचे काम दिसेनासे झाले. आमच्याकडे ‘एकटी’ (१९६८) दाखवला त्या संध्याकाळी माझी आई पुढच्या रांगेत बसली होती. मुलासाठी राबणाऱ्या त्या बाईची कथा तिला पाठ होती. मध्येच ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “अरे, ती रडत नाहीये बघ. पदर हातात धरलाय नुसता.” मी लक्ष देऊन पाहिले तेव्हा जाणवले की डोळ्यांतले पाणी रोखून धरण्यात सुलोचनाबाईंचे सगळे बळ लागले होते आणि रडत होतो ते आम्ही, पाहणारे. ४ जून २०२३ रोजी त्या गेल्या तेव्हा आईने ते वाक्य पुन्हा काढले होते.

नायक-नायिकांखेरीज कोणाकडे लक्ष द्यावे?

दामुअण्णा मालवणकर, वसंत शिंदे, शरद तळवलकर, राजा गोसावी, इंदिरा चिटणीस यांच्याकडे. ही माणसे पडद्यावर आली की प्रेक्षागृह सैलावत असे. राजा गोसावी पुण्याच्या भानुविलास चित्रगृहात तिकीटविक्रीचे काम करीत होते आणि स्वतः नायक असलेल्या ‘लाखाची गोष्ट’ची (१९५२) तिकिटे त्यांनीच विकली, ही हकिकत त्या पिढीतले लोक कौतुकाने सांगतात.

येथे एक खेळ सुचवतो. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव पडद्यावर प्रथम आला तो मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पाहावे करून’मध्ये (१९४०), आणि तो केला दामुअण्णांनी, गुंड्याभाऊ होते विष्णुपंत जोग. पुढे सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर तोच चिमणराव दिलीप प्रभावळकर यांनी आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी उभा केला. दामुअण्णांचा चिमणराव तिरळ्या नजरेने जगाकडे पाहून गोंधळतो, तर प्रभावळकरांचा चिमणराव स्वतःच्या भिडस्तपणात गुरफटत जातो. एकाच लेखकाचे एकच पात्र दोन नटांच्या अंगात कसे वेगळे मुरते, हे पाहण्यात जो आनंद आहे, तो मला अभिजात गायकांचे एकाच रागाचे दोन विस्तार ऐकण्यासारखा वाटतो. आणि प्रभावळकर केवळ आठवणींत राहिलेले नाहीत. ऐंशी ओलांडल्यावर, २०२५ साली, ‘दशावतार’मध्ये त्यांनी मध्यवर्ती भूमिका केली. ज्येष्ठ नटाचे कौतुक तो काम करीत असताना, तिकीट काढून करता येते, तेव्हा ते अवश्य करावे.

अशोक सराफ यांच्याविषयीही हेच म्हणेन. ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘धुमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या क्रमाने पाहिल्यास विनोदाची वेळ साधण्याची त्यांची हातोटी कशी वाढत गेली, ते कळते. ‘धुमधडाका’त शरद तळवलकरांसमोरचे त्यांचे प्रसंग पाहताना मी नेहमी तळवलकरांकडे पाहतो. समोरच्याला हशा मिळावा म्हणून अगदी गंभीर चेहऱ्याने वाट पाहत उभे राहणे, ही दातृत्वाची गोष्ट आहे.

आमच्या टीव्हीवर माणसे पसरट दिसतात आणि संवाद नीट ऐकू येत नाहीत. काही उपाय आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या इमारतीतल्या एका आजींनी शिकवले. ‘साधी माणसं’ (१९६५) सुरू होऊन पाच मिनिटे झाली असतील. आजी मोठ्याने म्हणाल्या, “अहो, सूर्यकांत इतका जाडा नव्हता हो!” सगळे हसले, पण त्यांचे बरोबर होते. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते, रुंदी आणि उंची साधारण ४:३ या प्रमाणात. आजचा टीव्ही १६:९ असतो आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी तो चित्र आडवे ताणतो. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’मध्ये जाऊन ४:३ निवडले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि सूर्यकांत पुन्हा सूर्यकांत दिसतात. ‘झूम’ हा पर्याय मात्र कधीही निवडू नये, कारण त्यात वरून कपाळ आणि खालून हात कापले जातात आणि जुन्या नटांचे निम्मे काम हातांतच असते. ‘ऐरणीच्या देवा तुला’ या गाण्यात घणाच्या ठेक्यावर जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांच्या शरीरांची जी लय आहे, ती अर्ध्या चौकटीत दिसणार नाही. (या चित्रपटाचे संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर, हे नव्या मंडळींना आवर्जून सांगावे.)

ध्वनीसाठी टीव्हीचे अंगचे स्पीकर पुरत नाहीत, कारण ते बहुधा खाली किंवा मागच्या भिंतीकडे तोंड करून असतात. लहानसा वेगळा स्पीकर समोर ठेवावा, खर्ज कमी करावा आणि मधला स्वर वाढवावा. खरखर राहते, पण शब्द वर येतात. ज्येष्ठांना ऐकू कमी येत असल्यास, उपलब्ध असतील तेव्हा अक्षरी संवाद (सबटायटल्स) चालू ठेवण्यात संकोच बाळगू नये.

चांगल्या प्रती कोठे मिळतात? इतके चित्रपट नाहीसे कसे झाले?

काही चित्रपट यूट्यूबवर हक्कधारकांनी स्वतः ठेवलेले आहेत, काही सह्याद्री वाहिनीवर लागतात, काही जुन्या डीव्हीडींच्या रूपाने उरले आहेत. खरेदी करताना चित्रपटाची लांबी तपासून घ्यावी. मी एकदा घेतलेल्या डीव्हीडीत दोन गाणी आणि शेवटाकडचा एक प्रसंग सरळ कापलेला निघाला. सभागृहात साठ माणसे बसलेली असताना ते लक्षात आले, आणि उरलेली कथा मला उभे राहून सांगावी लागली. तेव्हापासून प्रत्येक प्रत आम्ही आधी पूर्ण पाहून घेतो.

नाहीसे होण्याचे कारण मुख्यतः फिल्मच्या पट्टीतच आहे. पन्नासच्या दशकाच्या आरंभापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या पट्टीवर निघत. ती अत्यंत ज्वालाग्राही असते आणि उष्ण, दमट हवेत आपोआप कुजते. त्यानंतर आलेली अ‍ॅसिटेटची पट्टी सहज पेट घेत नाही, पण तीही काळाने आकसते आणि तिला शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागतो. आपल्या किनारपट्टीच्या हवेत, वातानुकूलन नसलेल्या गोदामांत, हे सगळे फार लवकर घडले. शिवाय पट्टीतली चांदी काढून विकण्यासाठीही पुष्कळ प्रती वितळवल्या गेल्या. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य खर्चून डबे गोळा केले, म्हणून जे उरले ते उरले. त्यातलाही नायट्रेटचा मोठा साठा जानेवारी २००३ मधल्या आगीत गेला. हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे आणि जुन्या प्रतींच्या पुनर्संचयनाचे काम तेथे चालते. मुंबईत पेडर रोडवरच्या गुलशन महालात भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय ही वेगळी संस्था २०१९ पासून आहे. ठाण्याहून एका दिवसात सहज पाहून होते.

आमच्या सोसायटीत चित्रपट दाखवायचा असल्यास परवानगी लागते का?

घरच्या घरी पाहण्याला लागत नाही. सभागृहात सर्वांना बोलावून दाखवायचे असल्यास हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्यावी. आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६० सालच्या चित्रपटावरचा हक्क २०२० अखेर संपला. कथा, गीते आणि संगीत यांचे हक्क मात्र स्वतंत्र असतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतात. गदिमा १९७७ साली गेले, यावरून हिशेब करता येईल. आम्ही दर वेळी पत्र लिहितो. बहुतेक वेळा निर्मात्याच्या कुटुंबातले कोणीतरी आनंदाने होकार देते, आणि एकदा तर नातू स्वतः चित्रपट पाहायला आला होता.

ठाणे आणि नवी मुंबईचा या चित्रपटांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो आपण रोज ओलांडून जातो. मानपाड्याजवळच्या नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकरांचे नाव आहे. तेथे नाटकाला जाणाऱ्या कित्येक तरुणांना हा दंतवैद्य नट ‘पाठलाग’ आणि ‘मधुचंद्र’मध्ये (१९६७) कसा दिसत होता, हे ठाऊक नसते. २०१८ च्या चरित्रपटातून त्यांना घाणेकर कळले. मूळ माणूस पाहणे अजून बाकी आहे. ‘लेक लाडकी या घरची’ लिहिणारे जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते. ‘वंदना’ला उतरा, असे आपण एस. टी.च्या थांब्यासाठी म्हणतो, तेव्हा ते एका चित्रपटगृहाचे नाव होते, हे आमच्या पिढीला तरी माहीत आहे.

नवी मुंबईकरांसाठी तर ‘जैत रे जैत’ (१९७७) अगदी घरचा आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतला ठाकरांचा लिंगोबाचा डोंगर म्हणजे पनवेलपुढचा कर्नाळ्याचा सुळका. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांची चिंधी आणि नाग्या, महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, हे सगळे घरी पाहून घ्यावे आणि मग पावसाळा संपताना एका सकाळी कर्नाळ्याला जावे. सुळक्याखाली उभे राहून वर पाहिले की कपारींत मधमाश्यांची पोळी दिसतात आणि नाग्याचा हट्ट किती भयंकर होता, ते मानेला रग लागेपर्यंत कळत राहते.

जुन्या चित्रपटांतले काही विचार आज खटकतात. मुलांसमोर ते कसे दाखवावे?

खटकतात ते खरेच आहे आणि ते लपवू नये. नवऱ्याने हात उगारला आणि बायकोने पाय धरले, असे प्रसंग पुष्कळ आहेत. रंगावरून, जातीवरून, व्यंगावरून केलेले विनोदही आहेत. आम्ही अशा वेळी चित्रपट थांबवत नाही, पण नंतर त्यावर बोलतो. त्याच वेळी १९३७ च्या ‘कुंकू’मधली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला ठामपणे नाकारते, आणि ‘शेजारी’ (१९४१) हिंदू-मुसलमान मैत्रीवर उभा राहतो, हेही मुलांना दाखवतो. लहान मुलांपुरते बोलायचे तर आरंभ गाण्यांनी आणि विनोदाने करावा. ‘श्यामची आई’ (१९५३) हा राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट आहे, म्हणून तो धड्यासारखा बसवून दाखवू नये. मुले आपल्या वेळेने तेथे येतात. माझी दहा वर्षांची नात ‘संत तुकाराम’मधले विमान पाहण्यासाठी बसली आणि आवलीसाठी शेवटपर्यंत थांबली.

नटांविषयी आणखी वाचायचे असल्यास काय वाचावे?

नटांनी स्वतः लिहिलेले किंवा सांगितलेले आधी वाचावे. दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’, डॉ. लागूंचे ‘लमाण’ आणि हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ ही तीन पुस्तके मी सर्वांना सांगतो. शेवटचे वाचताना धीर लागतो. त्याच्याच आधारे श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) केला. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात अशी पुस्तके चाळत दुपार घालवण्यासारखे दुसरे सुख नाही.

घरात जुन्या गाण्यांच्या पुस्तिका, तिकिटे, छायाचित्रे सापडली. त्यांचे काय करावे?

टाकू नयेत, एवढे आधी सांगतो. चित्रपटगृहाबाहेर दोन-चार आण्यांना मिळणाऱ्या त्या पुस्तिकांत श्रेयनामावली असते, आणि ज्या चित्रपटाची फिल्म उरलेली नाही, त्यात कोणत्या नटाने कोणते काम केले याचा तो कित्येकदा एकमेव लेखी पुरावा असतो. त्यांना प्लास्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नये आणि फाटल्या असल्या तरी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करतो. कोऱ्या पांढऱ्या कागदात एकेक वेगळी ठेवावी आणि लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर, ओल नसेल तेथे ठेवावी. छायाचित्रात कोण आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईने लिहू नये. पुण्याचे संग्रहालय अशा वस्तू स्वीकारते. तोपर्यंत पुढच्या तिसऱ्या शनिवारी त्या सभागृहात घेऊन याव्यात. आजींना अजून पुष्कळ चेहरे ओळखता येतात, आणि मी पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसलेला असतो.